आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही: डिजिटल ग्रंथालयात संशोधक मुक्कामाला का जातात?

एखाद्या देशाचं राष्ट्रीय ग्रंथालय अधूनमधून जाहिरात काढतं: आमच्या डिजिटल संग्रहावर काम करायला निवासी संशोधक हवा, मुदत इतके महिने, मानधन इतकं. ती वाचून चांगले शिकलेसवरलेले लोकही बुचकळ्यात पडतात. संग्रह डिजिटल आहे म्हणजे तो पडद्यावर दिसणार. मग पडद्यावर दिसणारी वस्तू पाहायला कुणी बिऱ्हाड हलवून तिथे का जावं? रेडिओ ऐकायला रेडिओ केंद्रात राहायला जाण्यासारखंच झालं की हे!

शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधायला गेलं की 'इंटरनेटवर सगळं आहे' या आपल्या ठाम समजुतीला मात्र चांगलाच तडा जातो.

## आधी पसारा समजून घेऊ

साधं वाचनालय वाचकांना आवडतील ती पुस्तकं विकत घेतं. राष्ट्रीय ग्रंथालयाला एवढी निवड नसते. बहुतेक देशांत कायदाच सांगतो की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तिथे जमा करावी. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने असा हुकूम १५३७ साली काढला होता; पुढे हीच पद्धत देशोदेशी रुजली. त्यामुळे थोर कादंबरीच्या शेजारी रेल्वेचं जुनं वेळापत्रक येऊन बसतं, धर्मग्रंथाशेजारी केशवर्धक तेलाची जाहिरात आणि दोन अंकांतच बंद पडलेलं साप्ताहिक. ज्याला कुणी जपून ठेवलं नसतं ते इथे टिकतं. इतिहासकाराचा जीव बहुतेक वेळा अशाच चिटोऱ्यांत अडकलेला असतो.

गेल्या तीसेक वर्षांत या पसाऱ्याची छायाचित्रं काढून ती संगणकावर ठेवण्याचा सपाटा लागला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' हे डिजिटल ग्रंथालय १९९७ साली सुरू झालं, ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' २००९ साली, नेदरलँड्सचं 'डेल्फर' २०१३ साली. ब्रिटिश लायब्ररीने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने सुमारे ६५ हजार जुने खंड स्कॅन करून घेतले आणि त्यांतली १० लाखांहून जास्त चित्रं डिसेंबर २०१३मध्ये 'फ्लिकर' या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर कुणीही वापरावीत म्हणून मोकळी सोडली. ती चित्रं पानांतून माणसांनी कापलेली नव्हती. मजकूर कुठला आणि चित्र कुठलं हे ओळखणाऱ्या प्रोग्रामने कापली होती.

आता 'रेसिडेन्सी' म्हणजे काय तेही एकदाच सांगून टाकतो. ठरावीक काळासाठी बाहेरच्या एका माणसाला संस्थेत बोलवायचं, त्याला मानधन द्यायचं, संस्थेतल्या लोकांची मदत द्यायची आणि त्याच्या प्रश्नावर त्याला काम करू द्यायचं. नेदरलँड्सचं राष्ट्रीय ग्रंथालय तरुण संशोधकांना असं बोलवतं आणि त्यांच्या जोडीला आपला प्रोग्रामर देतं. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस कलावंत आणि संगणकतज्ज्ञ यांनाही बोलवते. ब्रिटिश लायब्ररीने काही वर्षं यासाठी स्पर्धाच घेतली होती: उत्तम प्रश्न घेऊन या, आमचे लोक काही महिने तुमच्यासोबत काम करतील. नावं निरनिराळी, पण गाभा तोच.

## पानाचा फोटो म्हणजे पानावरचा मजकूर नव्हे

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबू.

जुन्या वृत्तपत्राचं पान स्कॅन केलं की संगणकाच्या लेखी ते ठिपक्यांचं चित्र असतं. त्यात 'पूर' हा शब्द शोधायचा तर आधी चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करावा लागतो. हे काम करणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. भाषा अजिबात न येणाऱ्या माणसाला एखादं पत्र समोर ठेवून 'दिसेल तसं उतरवून काढ' म्हणावं, तसं ते चालतं. अक्षर सुबक असेल तर तो बरोबर उतरवेल. शाई पसरली असेल, कागद चुरगळला असेल, तर जे दिसलं असं वाटेल ते लिहील, आणि वर आपण चुकलो हे त्याला कळणारही नाही.

आपल्या लिपीत तर याचं जातिवंत उदाहरण आहे. जुन्या छपाईत 'ख' आणि 'रव' यांच्यात डोळ्यांचीही फसगत व्हायची. तुम्ही 'खाना' शोधताय आणि यंत्राने उतरवून ठेवलंय 'रवाना'. शब्द खराखुरा असल्यामुळे चूक उठूनही दिसत नाही! इंग्रजीत हेच दुखणं लांब एसचं. अठराव्या शतकात तो एफसारखा दिसायचा, त्यामुळे त्या काळच्या पुस्तकांवर चालवलेल्या ओसीआरमध्ये भलत्याच शब्दांचा सुळसुळाट असतो.

'पण हल्ली अचूकता ९८ टक्के असते म्हणे,' असं कुणी सांगेल. हा आकडा अक्षरांचा असतो, शब्दांचा नव्हे. शंभरातली दोन अक्षरं चुकत असतील, तर पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता साधारण ९० टक्के. म्हणजे अशा दहा शब्दांतला एक हातचा गेला. आणि ९८ ही चैन झाली. ब्रिटिश लायब्ररीच्या एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांची तपासणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अक्षरांची अचूकता ८३.६ टक्के भरली आणि शब्दांची ७८. 'आणि', 'पण' असले भरीचे शब्द वगळून अर्थवाही शब्द पाहिले तर ६८.४. मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द, म्हणजे बहुतांशी माणसांची आणि गावांची नावं, ते फक्त ६३.४ टक्के. आपण शोधायला जातो ती बहुतेक वेळा नावंच, आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट वाचली गेली होती.

## रिकाम्या निकालाचे दोन अर्थ

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपण सगळेच वापरतो. डिजिटल संग्रहात मात्र तिची दुसरी बाजू जास्त त्रास देते: आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला आणि 'काही सापडलं नाही' असं उत्तर आलं, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, तसं काही छापलंच गेलं नाही. दोन, छापलं गेलं, पण यंत्राला ते वाचता आलं नाही, किंवा तो अंक स्कॅनच झाला नाही, किंवा ज्या वर्षाची फाइल हवी ती जमा होण्यापूर्वीच वाळवीने खाल्ली. पडद्यावर दोन्हींचा चेहरा एकच.

माझ्या मते निवासी संशोधकाच्या कामाचा अर्क हाच आहे: नसणं आणि न सापडणं यांतला फरक करता येणं. बाकी आलेख, नकाशे, सुंदर वेबपानं नंतरची.

हा फरक घरबसल्या करता येत नाही. कारण कुठला खंड का वगळला, कुठली मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म) कुठल्या वर्षी काढली, कुठल्या प्रकल्पात फक्त राजधानीतली वृत्तपत्रं घेतली होती, हे संकेतस्थळावर क्वचितच लिहिलेलं असतं. ते ग्रंथपालांच्या डोक्यात असतं. चहाच्या वेळी सहज बोलता बोलता कळतं की अमुक दशकाचं स्कॅनिंग पैसे संपल्यामुळे अर्ध्यावर राहिलं होतं, आणि तुमच्या आलेखात त्या दशकात दिसणारी घसरण इतिहासाची नसून निधीची होती.

हा पक्षपात मोजताही येतो. ब्रिटिश लायब्ररी आणि ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट ही ब्रिटनमधली संगणक संशोधन संस्था यांच्या 'लिव्हिंग विथ मशीन्स' या २०१८ ते २०२३ चाललेल्या प्रकल्पात एक नामी युक्ती केली गेली. मिचेल नावाच्या जाहिरात कंपनीने १८४६पासून ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या निर्देशिका छापल्या होत्या: कुठलं पत्र कुठून निघतं, किंमत किती, राजकीय कल कुठला. जाहिरातदारांच्या सोयीसाठी काढलेली ती यादी संशोधकांनी समोर ठेवली आणि तिच्याशी डिजिटल झालेल्या पत्रांची तुलना केली. म्हणजे पटावर नावं किती आणि वर्गात हजर किती, याचीच पडताळणी. आड केवढा होता हे कळल्याशिवाय पोहऱ्यात आलेल्या पाण्यावरून अंदाज बांधणं धोक्याचं.

## मग तिथे बसून करतात तरी काय?

कॅटरिना नेव्हिकास या इतिहासकार बाईंचं काम मला फार आवडतं, कारण त्यात प्रश्न अगदी साधा होता. ब्रिटनमध्ये १८३८च्या सुमारास कामगारांची चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत द्या, मतदान गुप्त ठेवा, अशा तिच्या मागण्या. चळवळीचं मुखपत्र 'नॉर्दर्न स्टार' १८३७ला लीड्समधून सुरू झालं. त्यात येऊ घातलेल्या सभांच्या सूचना छापून येत: अमुक गावी, अमुक ठिकाणी, येत्या सोमवारी, अमके गृहस्थ बोलतील. नेव्हिकास यांना विचारायचं होतं: या सभा नेमक्या कुठे कुठे भरत होत्या?

हाताने उतरवून घेत बसलं तर वर्षं गेली असती. २०१५ साली त्या ब्रिटिश लायब्ररीच्या स्पर्धेत निवडल्या गेल्या आणि तिथल्या लॅबच्या लोकांसोबत कामाला लागल्या. पहिलाच अडथळा ओसीआरचा: आहे त्या मजकुरावर काम होण्यासारखं नव्हतं, तो पुन्हा नीट काढून घ्यावा लागला. मग सूचनांचा साचा ओळखणारा प्रोग्राम. इथे इतिहासकाराचं ज्ञान उपयोगी पडतं. 'येत्या सोमवारी' म्हणजे कुठली तारीख? ती अंकाच्या तारखेवरून मोजावी लागते. एकाच नावाची दोन गावं असतील तर यातलं कुठलं? ते चळवळीचा भूगोल माहीत असणारा माणूस सांगतो. अशा खटपटीतून हजारो सभा नकाशावर आल्या. एरवी आपण चळवळ म्हणजे चार मोठे मेळावे आणि दोन पुढारी असं समजतो. नकाशावर दिसतं ते आठवड्या-आठवड्याला, आडगावात भरणाऱ्या बैठकांचं जाळं.

दुसरं उदाहरण शब्दांच्या पलीकडचं. जाहिरातीत शब्द कमी आणि चित्र जास्त, त्यामुळे ओसीआर तिथे हात टेकतं. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात निवासी संशोधक असलेल्या मेल्विन वेव्हर्स यांनी १९४५ ते १९९४ या काळातल्या दोन डच वृत्तपत्रांतल्या चार लाखांहून जास्त जाहिराती घेतल्या आणि दिसण्यावरून शोध घेण्याची सोय बांधली. तत्त्व असं: यंत्र प्रत्येक चित्राचं आकड्यांच्या लांबलचक ओळीत रूपांतर करतं, आणि ज्यांचे आकडे जवळपास ती चित्रं दिसायलाही सारखी, असं धरतं. एका मोटारीची जाहिरात दाखवा, तिच्यासारख्या पन्नास समोर येतात. मोटारीची जाहिरात कधीपासून बाईच्या चेहऱ्याने सुरू व्हायला लागली, असला प्रश्न आता निदान विचारता येतो.

तिसरं, आकाराने सगळ्यात मोठं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांच्या पानांवर छायाचित्रांभोवती चौकटी काढायचं काम हौशी स्वयंसेवकांकडून करून घेतलं होतं. पानं पहिल्या महायुद्धाच्या काळातली. तिथल्या मुक्कामात बेंजामिन ली या संगणकतज्ज्ञाने त्या चौकटी यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या आणि मग जवळपास १ कोटी ६३ लाख पानांमधून छायाचित्रं, नकाशे, व्यंगचित्रं, जाहिराती असे सात प्रकार वेगळे काढले. मिनिटाला एक पान या वेगाने रोज आठ तास एकही सुट्टी न घेता पाहत बसलं, तर या पानांना ९३ वर्षं लागतील. १९०० ते १९६३ या काळातली सुमारे १५ लाख छायाचित्रं २०२०मध्ये सगळ्यांना शोधण्यासाठी खुली झाली.

मला मात्र लीने त्यानंतर जे केलं ते जास्त मोलाचं वाटतं. आपल्याच यंत्राने कुठे माती खाल्ली हे तो शोधत बसला. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचं एकच छायाचित्र कृष्णवर्णीयांच्या चार वृत्तपत्रांत छापलं गेलं होतं. कागदापासून मायक्रोफिल्म, तिथून स्कॅन, तिथून ओसीआर, तिथून यंत्राची चौकट, अशा प्रत्येक पायरीवर त्या चित्राचं काय झालं ते त्याने तपासलं. मायक्रोफिल्मवर राखाडी छटा हरपतात आणि सावळ्या चेहऱ्याचे बारकावे काळ्या डागात बुडतात. पुढचं कितीही हुशार यंत्र आणलं तरी गेलेल्या छटा परत येत नाहीत. ही चूक संगणकाच्या कितीतरी आधी, फिल्म काढली तेव्हाच होऊन बसली होती.

## 'सगळा डेटा पेनड्राइव्हवर देऊन टाका की'

हा आक्षेप प्रोग्रामर मंडळी हटकून घेतात. अडचण आकाराची असते तशी हक्काचीही. विसाव्या शतकातल्या बऱ्याच मजकुरावर अजून कुणाचा तरी कॉपीराइट आहे. ग्रंथालयाला तो जपून ठेवायचा अधिकार असतो, जगाला वाटायचा नसतो. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हक्कधारकांच्या संघटनेशी करार करून विसाव्या शतकातली पुस्तकं देशातल्या वाचकांना पडद्यावर वाचायला दिली, पण देशाबाहेरून तीच पुस्तकं सरसकट उघडत नाहीत.

यातून एक मधली वाट निघाली आहे. मजकूर दाखवायचा नाही, पण त्याची मोजदाद करू द्यायची: अमुक शब्द कुठल्या वर्षी किती वेळा आला, त्याच्या आजूबाजूला कुठले शब्द असतात. पुस्तक हातात न देता त्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, तसं. ब्रिटनने २०१४ साली कायद्यात बदल करून बिगर-व्यापारी संशोधनासाठी अशा मोजदादीला मोकळीक दिली. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात संशोधन संस्थांना आणि ग्रंथालयांना तशी मुभा दिली. तरीही व्यवहारात हा मजकूर बहुतेक वेळा ग्रंथालयाच्या आतल्या संगणकावरच हाताळता येतो. संशोधकाने तिथे असण्याला हे एक कोरडं, कायदेशीर कारण.

## आता एआय आलं, मग ही उठाठेव कशाला?

हल्ली हा प्रश्न पहिलाच येतो. एआय कंपन्यांना दर्जेदार मजकूर हवा आहे आणि जुनी ग्रंथालयं म्हणजे तर कोठारं. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जून २०२५मध्ये कॉपीराइट संपलेल्या जवळपास १० लाख पुस्तकांचा मजकूर अशा वापरासाठी खुला केला. नव्या पद्धती जुन्या ओसीआरपेक्षा कितीतरी बरं वाचतात, हे मान्यच करायला हवं.

पण भाषा जाणणारं यंत्र वेगळ्या तऱ्हेने चुकतं. जुनं ओसीआर चुकलं की कचरा लिहायचं. 'क्ष%रज' असलं काही दिसलं की आपण सावध व्हायचो. नवं यंत्र चुकलं की शोभेल असं काहीतरी लिहितं. फाटक्या जागी सहज बसेल असा शब्द घालतं, आणि वाक्य इतकं गुळगुळीत होतं की शंकाच येत नाही. शिवाय ते मजकूर 'सुधारतं'. 'कांहीं', 'नाहीं' अशा जुन्या अनुस्वारांच्या लेखनाला ते चूक समजून 'काही', 'नाही' करून टाकेल. ज्याला शुद्धलेखन कसं बदलत गेलं हेच शोधायचं आहे, त्याच्या हातचा पुरावा पुसला गेला. नोकराला कपाट आवरायला सांगावं आणि त्याने जुनी पत्रं रद्दीत द्यावीत, त्यातला प्रकार.

आणि आडाचा प्रश्न उरतोच. जे स्कॅन झालंच नाही ते कुठलंही यंत्र वाचणार नाही. पण विचारलंत तर आत्मविश्वासाने उत्तर मात्र देईल. तेव्हा यंत्र जितकं चलाख, तितकी त्याचा ताळा घेणाऱ्या माणसाची गरज जास्त. निदान काही शे पानं हाताने वाचून यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहणं, हे निवासी संशोधकाचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम असतं.

## मूठभरांची चैन?

सार्वजनिक पैशातून एकट्यादुकट्या माणसाला सहा महिने पोसायचं, हे कुणाला खटकलं तर त्यात गैर नाही. यावर ग्रंथालयांचं उत्तर असं की संशोधक निघून जातो, पण त्याने स्वच्छ केलेला मजकूर, लिहिलेला प्रोग्राम, बनवलेली शोधसोय मागे राहते आणि ती सगळ्यांना फुकट असते. ते खरंही आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ब्रायन फू या कलावंताने जुन्या ध्वनिमुद्रणांमधून मुक्तपणे वापरता येणारे तुकडे निवडून कुणालाही त्यातून संगीत रचता येईल अशी सोय केली. तिथे इतिहासाची पदवी विचारत नाहीत.

तरी आक्षेपाचा एक भाग शिल्लक राहतो. परदेशी जाऊन काही महिने राहणं सगळ्यांना जमत नाही. घरी लहान मूल आहे, कायमची नोकरी नाही, व्हिसा मिळत नाही, यांतलं एकही कारण पुरतं. दूरस्थ रेसिडेन्सी हा त्यावरचा अर्धाच उपाय. चहाच्या वेळचं बोलणं व्हिडिओ कॉलवर होत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे की मानधनापेक्षाही दुर्मिळ गोष्ट म्हणजे ग्रंथालयातल्या प्रोग्रामरचा वेळ. ज्या रेसिडेन्सीत पैसे भरपूर पण सोबत बसणारं कुणी नाही, ती मला सजवलेली शिष्यवृत्ती वाटते.

## मुक्काम हलल्यावर

याबद्दल उत्साही पत्रकांत कमी बोललं जातं. संशोधकाने बांधलेलं वेबपान दोन-तीन वर्षांत कुरकुरू लागतं. वापरलेली सॉफ्टवेअर जुनी होतात, दुरुस्तीची जबाबदारी कुणाच्याच कामाच्या यादीत नसते, आणि एके दिवशी दुव्यावर 'पान सापडलं नाही' एवढंच उरतं. म्हणून जाणत्या संस्था हल्ली दिखाऊ वेबपानापेक्षा साध्या फाइली मागतात: स्वच्छ मजकूर, आणि त्यासोबत तो कुठून आला, काय वगळलं, कुठे विश्वास ठेवू नये, याची नोंद. संग्रहाकडे 'पुस्तकं' म्हणून न पाहता 'डेटा' म्हणून पाहण्याचा एक विचारप्रवाह २०१७च्या सांता बार्बरा निवेदनानंतर, म्हणजे याच विचाराची तत्त्वं मांडणाऱ्या जाहीरनाम्यानंतर, चांगला रुजला आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१९पासून असे संच उतरवून घेण्यासाठी मांडून ठेवले आहेत. त्यात 'एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या पहिल्या आठ आवृत्त्याही आहेत.

साध्या फाइलींचा आणखी एक फायदा ऑक्टोबर २०२३मध्ये दिसला. ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला, सुमारे ६०० जीबी माहिती चोरीला गेली, लायब्ररीने खंडणी दिली नाही. मुख्य सूचीसुद्धा जानेवारी २०२४ उजाडेपर्यंत ऑनलाइन परतली नव्हती, आणि बाकी सेवांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. इतकी वर्षं खपून डिजिटल केलेलं सगळं एका रात्रीत हाताच्या पलीकडे गेलं. 'फ्लिकर'वर सोडलेली ती १० लाख चित्रं मात्र जागच्या जागी होती, आणि ज्या संशोधकांनी आपापल्या कामासाठी संच उतरवून घेतले होते त्यांचं कामही थांबलं नाही.

## अर्ज करावासा वाटला तर

'मला तुमचा संग्रह वापरायचा आहे' हे कुणीही लिहितं. निवड करणाऱ्यांना प्रश्न हवा असतो, आणि तो त्यांच्याच संग्रहाने सुटेल याची खूणगाठ. त्यासाठी अर्जापूर्वी घरीच एक चाचणी करता येते. हव्या त्या वृत्तपत्राची दहा पानं निवडा, वेगवेगळ्या दशकांतली. ती स्वतः वाचून हाताने टंकित करा. मग ग्रंथालयाने दिलेला ओसीआर मजकूर शेजारी ठेवा आणि तुमच्या प्रश्नासाठी लागणारे शब्द, विशेषतः नावं, कुठे कुठे निसटली ते मोजा. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पाठ दुखते. पण त्यानंतर अर्जात 'अमुक दशकातली निम्मी नावं शोधात सापडत नाहीत, ती कशी मिळवायची ते मला पाहायचं आहे' असं आकड्यानिशी लिहिता येतं, आणि ते वाचल्यावर आतला प्रोग्रामर खुर्ची पुढे ओढून बसतो.